शामलाबाईंची चूक

शामला वारली ते प्रेमानंदला सगळ्यांच्या नंतर कळलं. तो कामठीला यंत्रमागाच्या शेडमध्ये एका मागाखाली आडवा पडून पट्टा बसवत होता. माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे खिशातला फोन कुठून ऐकू येणार. त्याच्या मुलीनं, प्रीतीनं, फोन लावून पाहिला. मग शेजारच्या गोदूबाईनं लावला, मग वस्तीतल्या बुद्ध विहाराचे सचिव रुपरावजी यांनी. शेवटी कोणीतरी शेडच्या मालकाचा नंबर शोधला आणि मालकानं मेन स्विच पाडला. सगळे माग एकदम बंद झाले. भर दिवसा कोणी शेड बंद करत नाही, म्हणून प्रेमानंद मागाखालून बाहेर आला.

"प्रेमानंदभाऊ, रामदासपेठेत जा तुम्ही," मालक म्हणाला. "वहिनीले दवाखान्यात नेलं हाये."

मालकाला सगळं कळलेलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच. प्रेमानंद ऑटोत बसला तेव्हा बायकोवर चिडलेला होता. आठवडाभर डोकं दुखतं म्हणत होती आणि तरी शाळा सोडत नव्हती. तिला काय काय बोलायचं ते त्यानं रस्ताभर ठरवलं. दवाखान्याच्या पायरीवर प्रीती बसलेली होती आणि तिच्या मांडीवर आईच्या चपला होत्या. मग काही विचारायचं उरलं नाही.

शामला वर्गात फळ्यासमोरच कोसळली होती. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

घरी लोक आले. चांगली माणसं होती, वाईट कोणीच नव्हतं, पण एकेक जण तेच म्हणायचा. शिकवता शिकवता गेली, भाग्याची होती. हाल नाही झाले. प्रेमानंदला वाटायचं, या सगळ्यांना दाराबाहेर काढून कडी लावावी. कसलं भाग्य? अजून तिची नोकरी बाकी होती. प्रीतीचं लग्न बाकी होतं. त्याच्याशी भांडायचं कितीतरी बाकी होतं. पण तो गप्प राहिला. शोकाच्या घरात घरच्या माणसानं गप्प राहायचं असतं, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

शामलाच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला, त्या दिवशी वंदना झाली, भोजनदान झालं, आणि रुपरावजी बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "ताईंनी आपल्या विहारात सामान्य ज्ञान स्पर्धा सुरू केली. आता जयंतीची स्पर्धा ताईंच्या नावानं होईल. जबाबदारी आपला भूपेश घेऊन राहिला."

भूपेश रडत होता. खोटं रडत नव्हता. तो शामलाचा विद्यार्थी, याच वस्तीतला. आता रामदासपेठेत त्याचा स्पर्धा परीक्षांचा क्लास होता, काचेच्या दाराचा. तो प्रेमानंदच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, बाईचं काम मी चालवतो. तुम्ही काहीच टेन्शन घेऊ नका."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा प्रेमानंदला बरं वाटलं.

शामलाची स्पर्धा काय होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधीच्या रविवारी वस्तीतली पोरं विहाराच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून पेपर लिहायची. इतिहास सगळीकडचा. सीताबर्डीची लढाई कोणात झाली? पॅरिसचं बॅस्टिल काय होतं, किल्ला की तुरुंग, आणि लोकांनी ते काहून फोडलं? हैती बेटावरच्या गुलामांनी कोणाला हाकललं? पर्याय नसायचे. आपल्या शब्दांत लिहायचं. पेपर ती आणि प्रेमानंद घरी बसून तपासायचे. ती बरोबर की चूक ते सांगायची, तो पेनानं खूण करायचा. प्रेमानंदला स्वतःला इतिहास फारसा येत नव्हता. नववीनंतर तो मागावर गेला होता.

खरी मजा दुसऱ्या दिवशी असायची. पोरं, आयाबाप, सगळे जमायचे आणि शामला खुर्चीवर बसून उत्तरं वाचून दाखवायची. त्यात एक उत्तर ती मुद्दाम चुकीचं वाचायची. तेच सगळ्यात जोरात, सगळ्यात ठासून. एका वर्षी म्हणाली, टिपू सुलतान प्लासीच्या लढाईत मारला गेला. एक शेंबडी पोरगी उठून किंचाळली, "बाई, चूक! श्रीरंगपट्टण!" जो पकडेल त्याला शामला स्वतःची खुर्ची द्यायची. तो बसून उरलेली उत्तरं वाचणार आणि बाई सतरंजीवर पोरांत बसणार. पहिल्या नंबरच्या कपापेक्षा त्या खुर्चीला मान जास्त होता. पोरं त्याला बाईची चूक म्हणायची आणि वर्षभर तिची वाट पाहायची.

एका वर्षी चूक कोणालाच सापडली नाही. शामलानं हॉलचं दार लावून घेतलं.

"सापडल्याशिवाय कोणी घरी जात नाही," ती म्हणाली.

"बाई, माही डाळ गॅसवर हाये वं," मागून गोदूबाई ओरडली.

"करपू द्या. मी बाई आहे म्हणून खरंच बोलते, असं कोणी सांगितलं तुमाले? पुस्तकात हाये म्हणून खरं? पुढाऱ्यानं म्हटलं म्हणून खरं? शोधा."

डाळ करपली. चूक सापडली. पकडणारा पोरगा खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तो पोरगा भूपेश होता.

जयंतीच्या आधीच्या रविवारी प्रेमानंद इस्त्रीचा पांढरा सदरा घालून विहारात गेला. दारावर मोठं बॅनर होतं. 'कालकथित शामलाताई रामटेके स्मृती सामान्य ज्ञान स्पर्धा.' कोपऱ्यात शामलाचा फोटो होता, ओळखपत्रावरचा, ज्यात ती वैतागलेली दिसते. मधोमध भूपेश हात जोडून उभा होता आणि त्याच्या क्लासचं नाव शामलाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत होतं. प्रेमानंदनं ते पाहिलं आणि स्वतःची समजूत घातली. खर्च त्यानं केला, नाव त्यानं लावलं.

पेपर पर्यायांचा होता. अ, ब, क, ड, आणि बरोबर असेल तो गोल काळा करायचा. दुपारपर्यंत मशीननं पेपर तपासले, निकाल लागला, कप मांडले गेले. वॉर्डाचे माजी नगरसेवक पाहुणे होते. प्रेमानंदला पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी बसवलं होतं. शेवटी त्याला शाल द्यायची होती.

मग भूपेशनं माइक घेतला आणि पडद्यावर एकेक प्रश्न दाखवत उत्तरं वाचायला लागला. भराभर वाचत होता. अर्धं झाल्यावर प्रश्न आला, 'नागपूर शहर कोणी वसवले?'

"उत्तर ब. रघुजी भोसले," भूपेश म्हणाला.

हॉलमध्ये पोरं खिदळायला लागली. एकमेकांना कोपरं मारायला लागली. गोदूबाईची नात वेदिका, नववीतली, दुसऱ्या रांगेतून ताडकन उठली.

"सर, चूक! उत्तर अ. बख्त बुलंद शहा. देवगडचे गोंड राजे. भोसले मागून आले."

पोरांनी टाळ्या पिटल्या. 'बाईची चूक, बाईची चूक' असा गलका झाला. प्रेमानंदचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, भूपेशनं ठेवलं. बाकी काहीही केलं असो, हे एक लक्षात ठेवलं यानं.

"खाली बस," भूपेश म्हणाला. "शंका शेवटी."

वेदिका हसत होती. "सर, पकडली ना मी. खुर्ची द्या नं."

"कायची खुर्ची? खाली बस म्हटलं ना. उत्तर बरोबर आहे, मशीननं तपासलेलं आहे. कोणत्या क्लासला आहेस तू? आगाऊपणा घरी करायचा."

वेदिकाचं हसू गेलं, पण ती बसली नाही. तिला बसायचं कसं ते माहीतच नव्हतं. या हॉलमध्ये चूक पकडणाऱ्याला कोणी खाली बसवलंच नव्हतं कधी.

मागून गोदूबाईचा आवाज आला. "काहून गा भूपेश, सिव्हिल लाइन्समंदी राजाचा पुतळा हाये तो दिसला नाही का तुले? रोज त्याच्याच बाजूनं गाडी काढतो न तू?"

लोक हसले. माजी नगरसेवकही हसले. "पोरगी बरोबर बोलून राहिली भूपेशजी. मीच हार घालून आलो आहे तिथं."

भूपेशनं मोबाइल काढला आणि पाहिलं. त्याच्या क्लासची एक मॅडम कानाशी येऊन काही बोलली. तो पडद्याकडे वळला, पुन्हा लोकांकडे वळला, आणि एकदम छान हसला.

"शाब्बास! टाळ्या या मुलीसाठी! मित्रहो, हीच बाईंची परंपरा. बाई दरवर्षी एक चूक मुद्दाम ठेवायच्या. बाईंची आठवण म्हणून आम्हीही ठेवली होती."

केवढ्या टाळ्या पडल्या. रुपरावजींनी चष्मा काढून डोळे पुसले. नगरसेवकांनी प्रेमानंदचा हात दाबला.

प्रेमानंदनं हात सोडवून घेतला. त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं, खाली बस. आगाऊपणा घरी करायचा. मुद्दाम ठेवलेली चूक पकडली म्हणून कोणी असं बोलत नाही. शामलाचं तोंड तर चूक पकडली जायच्या आधीच हसायला लागायचं. हे पोरगं तिच्या फोटोसमोर, तिचंच नाव घेऊन, स्वतःची चूक झाकत होतं.

तो उठला. त्याला कधी माइकवर बोलायची वेळ आली नव्हती. तो माइकशिवायच बोलला.

"भूपेश, शामला चूक फक्त वाचताना ठेवायची. तपासताना नाही. मी तपासायले बसत होतो तिच्यासोबत. तुझ्या मशीनमंदी कोणतं उत्तर टाकलं होतं?"

"काका, आपण नंतर बसून बोलू."

"आत्ता सांग. अ लिहिणाऱ्याले मार्क भेटले का ब लिहिणाऱ्याले?"

भूपेश नगरसेवकांकडे वळला, पण पोरांना काय लपवायचं असतं. "म्हंजे माझा तोच कटला!" "माझा बी!" "सर, मी अ केला होता, मले एक मायनस आला!" हॉलच्या चारही बाजूंनी आवाज उठले. वेदिका अजून उभीच होती. ती हळू म्हणाली, "माझा एकच चुकला दाखवते. मले वाटलं दुसरा कोणता असन."

म्हणजे पहिली ती होती. टेबलावरचा मोठा कप मात्र भूपेशच्या क्लासच्या मुलाचा होता आणि निकाल लागताच त्याचं नाव कपावर कोरूनही आणलेलं होतं. त्या मुलानं ब लिहिलं होतं, कारण क्लासच्या गाइडात ब छापलं होतं. त्या पोराचा काही दोष नव्हता. तो लाल होऊन खाली पाहत बसला.

"पुन्हा तपास," प्रेमानंद म्हणाला. "आत्ता. हे लोक थांबतीन. शामलानं डाळ करपू दिली होती, तू बी करपू दे."

कोणी हसलं नाही. रुपरावजी आले आणि त्यांनी प्रेमानंदच्या खांद्यावर हात ठेवला. माइक चालू होता, त्यामुळे ते काय बोलले ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"प्रेमानंदजी, शांत व्हा. पाहुणे बसले आहेत. तुमचं दुःख मोठं आहे, आम्ही समजून घेतो."

तिथे प्रेमानंदचं डोकं फिरलं.

"दुःख बाजूले ठेवा, रुपरावजी! मी काय दुःखानं बोलून राहिलो? बायको मेली म्हणून माणसाले बरोबर आणि चूक कळत नाही का? पोरीनं बरोबर लिहिलं, तिचा मार्क कापला, आणि माह्या बायकोचं नाव सांगून कापला! शामलानं आख्ख्या जन्मात खऱ्या उत्तराले शून्य दिलं नाही!"

"सरणत्तय घ्या," रुपरावजी माइकमध्ये म्हणाले.

आणि सगळे उठले. सरणत्तय म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायची गाथा; ती सुरू झाली की कोणी मधे बोलत नाही. लहानपणापासून प्रत्येकाला हेच शिकवलेलं असतं. हात जोडायचे आणि सुरात सूर मिळवायचा. भूपेशनं हात जोडले, नगरसेवकांनी जोडले, वेदिकानं जोडले. प्रेमानंदनंही जोडले, कारण समोर बुद्धाची मूर्ती होती आणि मूर्तीनं काही केलं नव्हतं. पण त्याच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. गाथा माणसाचं तोंड बंद करायलाही वापरता येते, हे त्याला त्या दिवशी कळलं. साधू साधू साधू म्हणून लोक दाराकडे वळले. शाल टेबलावर राहिली. त्यानं ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तो रामदासपेठेत गेला. भूपेशनं त्याला आपल्या खोलीत बसवलं आणि चहा मागवला. भिंतीवर निवड झालेल्या मुलांचे फोटो होते.

"काका, एका प्रश्नानं काय फरक पडते?" तो म्हणाला. "हजारो प्रश्न असते आमच्याकडे. एखादा चुकते. आयोगाचे बी चुकते."

"आयोग चुकला तर हरकत घेते लोक. तूच तर शिकवतो त्यायले हरकत कशी घ्यायची."

"मशीन भाड्याची होती. वापस गेली."

"हातानं तपासू. मले खूण करता येते. तू फक्त कागदं दे."

"काका, चहा घ्या ना."

"मले चहा नको. विहारात ये, माइक घे, आणि सांग, ती चूक माही होती, बाईची नव्हती. दोन वाक्यं हायेत. शेंबडं पोट्टं होतं तेव्हा तू भऱ्या हॉलमंदी तिले चूक म्हटलं होतं. आता स्वतःले म्हणता येत नाही काय?"

भूपेशनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग तो खरं बोलला, आणि प्रेमानंदला त्या खऱ्याचाच जास्त राग आला.

"आता नाही सांगता येत, काका. तेव्हाच सांगतलं असतं तर चाललं असतं. आता मुद्दाम ठेवली म्हणून सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ फिरून राहिला. आता मी नाही म्हटलं तर खोटा पडतो. माझ्या भरवशावर पोरं तहसीलदार व्हायले येते इथं. अॅडमिशनचे दिवस आहे."

"म्हंजे तू खरा दिसावा म्हणून शामला खोटी?"

"बाईचं काय खोटं झालं? उलट नाव झालं बाईचं."

"नाव! वस्तीत जाऊन ऐक. लोक म्हणून राहिले, बाई बी अशाच मार्क कापायच्या म्हणे. मुद्दाम फसवायच्या पोरायले. ज्यायनं तिले पाह्यलंच नाही ते म्हणतात, आणि पुढच्या वर्षी सगळेच म्हणतीन. ती आता उठून सांगायले येणार हाये काय?"

"बाई असत्या ना काका, तर हसून सोडून दिलं असतं त्यायनं."

प्रेमानंद उठला. "तिनं काय केलं असतं ते तू मले सांगू नको, भूपेश. तू तिच्या खुर्चीत एकदा बसला. मी तिच्यासोबत जन्म काढला."

काचेचं दार ओढायचं की ढकलायचं ते त्याला समजेना. तिथे बसलेल्या एका मुलीनं उठून उघडून दिलं.

त्यानंतर तो विहारात रुपरावजींकडे गेला, एकदा नाही, बऱ्याचदा. रुपरावजी दरवेळी प्रेमानं बोलले. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले. समितीत विषय घेऊ, म्हणाले. भूपेशनं विहाराला पंखे दिले आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते त्यांच्या डोक्यावरच फिरत होते. प्रेमानंदनं सांगितलं, मग तिचं नाव काढा स्पर्धेवरून. रुपरावजी दुखावले. "असं कसं, ताईंचा अपमान होईल," ते म्हणाले. प्रीतीही एका रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, सोडून द्या आता. तुमचं बीपी वाढून राहिलं." त्यानं ताट सरकवलं नाही, तो तिच्यावर चिडलाही नाही. फक्त म्हणाला, "तुझ्या आईनं सोडलं असतं का?" प्रीतीनं त्याची बीपीची गोळी ताटाशी आणून ठेवली.

एक दिवस गल्लीत वेदिका भेटली. सायकल हातात धरून चालत होती.

"काका, मी उभी राह्यली ते चुकलं का?"

"कोण म्हणते चुकलं?"

"पप्पा म्हणते, सरशी वैर कायले घेतं. दोन वर्षांनी त्याच्याच क्लासले जायचं हाये." ती सायकलच्या घंटीशी चाळा करत होती. "पुढच्या वेळी मी ब लिहून देईन. मार्क तर भेटतीन."

प्रेमानंदला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि मग ओरडायचं कोणावर ते ध्यानात आलं.

"नाही वं पोरी," तो म्हणाला. "तू अ च लिही. कितीदा बी कटला तरी अ च लिही. मी जाऊन राहिलो त्यायच्या मागं. रोज जाऊन राहिलो."

"मंग देतीन का ते मार्क?"

त्यानं तिला हो म्हटलं नाही. पोरीला खोटं सांगायचं नव्हतं.

विहाराच्या भिंतीवर निकालाचा कागद लावलेला आहे तोच आहे आणि त्यावर वेदिका दुसरी आहे. उत्तरपत्रिका रामदासपेठेत भूपेशच्या क्लासवर आहेत. त्या पुन्हा तपासल्या गेलेल्या नाहीत, आणि ती चूक शामलाची नव्हती, हे विहारातून अजून कोणी सांगितलेलं नाही.